धीट हिंदी चित्रपट आणि बीडचा प्रेक्षक : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

हिंदी चित्रपटसृष्टीत गेल्या दोन-अडीच दशकांत धीट, बुद्धिनिष्ठ आणि प्रयोगशील चित्रपटांचा एक स्वतंत्र प्रवाह ठळकपणे पुढे आला आहे. अनुराग कश्यप यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’, दिबाकर बॅनर्जी यांचा ‘लव्ह सेक्स और धोखा’ (२०१०), विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘उडान’ (२०१०), नीरज घायवान यांचा ‘मसान’ (२०१५), अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ (२०१७) आणि राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) ही त्यातील काही ठळक नावे होत. या प्रवाहाचे अस्तित्व आता कोणी नाकारत नाही. नाकारले जाते ते त्याचे मोल, आणि त्याहूनही अधिक ठामपणे नाकारले जाते ते त्याचे सामान्य, विशेषतः ग्रामीण, प्रेक्षकाशी असलेले नाते. हे चित्रपट महानगरातल्या मूठभरांसाठी असतात, जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी त्यांचे काही काम नाही, असे मत चित्रपटव्यवसायात जितक्या सहजपणे मांडले जाते तितक्याच सहजपणे सुशिक्षितांच्या चर्चेतही ऐकू येते. ज्या प्रेक्षकाच्या नावाने हे मत मांडले जाते त्याच्याच भूमीवर ते तपासून पाहणे न्याय्य ठरेल, म्हणून प्रस्तुत विवेचनासाठी मराठवाड्यातील बीड जिल्हा निवडला आहे. दुष्काळ, ऊसतोडीसाठीचे स्थलांतर आणि मुलींचे घटते प्रमाण या तिन्ही प्रश्नांनी गाजलेला हा जिल्हा या चित्रपटांच्या कक्षेबाहेर आहे की त्यांच्या आशयाच्या केंद्राशी आहे, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

वादाला आरंभ करण्यापूर्वी तीन संज्ञांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. समाजाला जे ठाऊक असते पण ज्याविषयी चारचौघांत बोलले जात नाही, ते पडद्यावर आणण्याची तयारी म्हणजे येथे धीटपणा होय. प्रेक्षकाला निष्कर्ष हाती न देता तो काढण्याइतकी सामग्री आणि अवकाश देणे, ही चित्रपटाची बुद्धिनिष्ठा होय. आणि नायक-नायिका, खलनायक, ठरलेली गाणी, मध्यंतराच्या तोंडावर येणारा पेच व अखेरीस होणारा त्याचा उलगडा ही रूढ कथनपद्धती आशयाला अपुरी पडते तेव्हा ती सोडून, त्या आशयालाच आवश्यक असलेला घाट शोधणे म्हणजे प्रयोगशीलता होय. केवळ वेगळे दिसण्यासाठी केलेली मोडतोड या व्याख्येत बसत नाही.

पूर्वपक्ष

या चित्रपटांवर घेतले जाणारे आक्षेप मुख्यतः पाच आहेत. पहिला असा की हा प्रवाह उपरा आहे. युरोपीय चित्रपटांच्या अनुकरणातून आणि बहुपडदा चित्रपटगृहांच्या आश्रयाने तो अलीकडे जन्मला, त्यामुळे या मातीत त्याला मूळ नाही. दुसरा असा की ग्रामीण प्रेक्षकाला तो समजत नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला करमणूक हवी असते, कोडी नकोत. तिसरा असा की त्याचा धीटपणा म्हणजे शिव्या, रक्तपात आणि शरीरप्रदर्शन यांना दिलेले प्रतिष्ठित नाव आहे. चौथा असा की तो धंदा करत नाही, आणि जो चित्रपट स्वतःचा खर्च भरून काढू शकत नाही त्याला जगण्याचा हक्क नाही. पाचवा आक्षेप विरुद्ध दिशेने, म्हणजे सामाजिक चळवळींच्या बाजूने येतो: हे चित्रपट गावाचे दैन्य परदेशी महोत्सवांत मांडून मानसन्मान मिळवतात आणि ज्यांचे ते दैन्य असते त्यांना त्यातून काहीच परत मिळत नाही. या पाचांपैकी प्रत्येकात सत्याचा काही अंश आहे, आणि म्हणूनच ते दुर्लक्षून चालणार नाही.

खंडन

पहिला आक्षेप इतिहासाला धरून नाही. चित्रपटांना कर्जपुरवठा करणारे फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात, आज एफटीआयआय या नावाने ओळखली जाणारी चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू झाली. १९६८ मध्ये मृणाल सेन आणि अरुण कौल यांनी नव्या चित्रपटाचा जाहीरनामा काढला, आणि पाठोपाठ १९६९ मध्ये महामंडळाच्या अर्थसाहाय्यातून सेन यांचा ‘भुवन शोम’ आणि मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ हे दोन हिंदी चित्रपट तयार झाले. याचा अर्थ असा की बहुपडदा चित्रपटगृह ही कल्पना १९९७ मध्ये दिल्लीत प्रत्यक्षात येण्याच्या जवळजवळ तीन दशके आधी हा प्रवाह वाहू लागला होता. मराठी वाचकाने तर हे विसरताच कामा नये, कारण या प्रवाहाच्या घडणीत मराठी लेखणीचा वाटा मोठा आहे. ‘निशांत’ (१९७५) आणि ‘आक्रोश’ (१९८०) यांच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या आहेत, ‘अर्धसत्य’ (१९८३) श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर उभा आहे, आणि ‘भूमिका’ (१९७७) हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून घेतलेला आहे.

बीडपुरते पाहिले तर हे नाते आणखी जवळचे ठरते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईपर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि श्याम बेनेगल यांच्या ‘निशांत’चे कथानक त्याच संस्थानातील तेलंगणात, १९४५ च्या सुमारास घडते. जमीनदाराचे भाऊ शाळामास्तराच्या पत्नीला उचलून नेतात, गाव पाहत राहते, कायद्याचे दार वाजवूनही ते उघडत नाही, आणि शेवटी उसळलेला संताप दोषी व निर्दोष यांत भेद करत नाही, असा हा चित्रपट आहे. तेलंगण आणि मराठवाडा यांतील जमीनव्यवस्था व भाषा वेगळ्या असल्या तरी राज्यसत्ता एकच होती, आणि त्या सत्तेविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिक्षक होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या संस्थानातील शाळामास्तराला कथेच्या मध्यभागी ठेवण्यात किती इतिहास सामावला आहे ते कळते. बेनेगल यांच्याच ‘अंकुर’ (१९७४) या चित्रपटातील पात्रे दखनी वळणाची हिंदी बोलतात. मुंबईच्या चित्रपटांनी ही बोली बहुधा विनोदापुरती वापरली. ‘अंकुर’ने तिला शोषण, वासना आणि स्वाभिमान व्यक्त करण्याची भाषा बनवले. तिच्याशी नाते सांगणारी दखनी बीडच्या पेठेत आजही कानावर पडते, आणि म्हणून या चित्रपटांचा उपरेपणा सिद्ध करायचा तर तो बीडमध्ये सिद्ध करणे सर्वांत कठीण जाईल.

अनुकरणाच्या आरोपाविषयी एवढेच सांगणे पुरेसे आहे की ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी चित्रपट पाहून दादासाहेब फाळके यांना चित्रपटनिर्मितीची प्रेरणा मिळाली आणि त्या प्रेरणेतून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ जन्मला. बाहेरून आलेले तंत्र स्वतःच्या आशयासाठी वापरणे हा दोष मानला तर दोषाची सुरुवात भारतीय चित्रपटाच्या पहिल्याच पावलापाशी मानावी लागेल. युरोपीय दिग्दर्शकांचा प्रभाव असलेल्या मणी कौल यांनीच पुढे ‘ध्रुपद’ (१९८२) आणि ‘सिद्धेश्वरी’ (१९८९) यांतून भारतीय संगीताच्या विस्तारपद्धतीवर चित्रपटाचा घाट बेतण्याचा प्रयत्न केला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

दुसरा आक्षेप, म्हणजे ग्रामीण प्रेक्षकाला अवघड घाट समजत नाही हा, सर्वांत अधिक पसरलेला आणि सर्वांत कमी तपासलेला आहे. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि तिच्या पलीकडच्या तीरावर एकनाथांचे पैठण आहे. एकनाथांचे भारूड हा रूपकाचा प्रयोग आहे: वरवर पाहता ते विंचवाविषयी, जोगव्याविषयी किंवा सासुरवासाविषयी बोलते आणि प्रत्यक्षात ते माणसाच्या विकारांविषयी व मुक्तीविषयी बोलत असते. हे दोन्ही थर एकाच वेळी ऐकण्याची सवय ज्या श्रोत्याला शतकानुशतके आहे, त्याला पडद्यावरचे रूपक कळणार नाही असे म्हणायला आधार काय? कीर्तनाच्या पूर्वरंगात सिद्धान्ताचे निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान येते. विचार आधी आणि कथा नंतर, ही मांडणी व्यावसायिक चित्रपटाला पेलली नसती, पण गावच्या देवळातल्या श्रोत्याने ती सहज स्वीकारली आहे. खुद्द अंबाजोगाईत होऊन गेलेल्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) तर पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते हे सांगणारे ‘पंचीकरण’ एका लांबच लांब कापडावर, म्हणजे प्रसिद्ध ‘पासोडी’वर, आकृत्यांसह लिहून काढले. तत्त्वज्ञान केवळ वाचायचे नसून नजरेने पाहायचे असते, हे या जिल्ह्याने चलच्चित्राचा शोध लागण्याच्या काही शतके आधी अनुभवले आहे. प्रयोगाला नकार देणारी परंपरा येथे शोधूनही सापडणार नाही. सापडतो तो प्रयोग पाहण्याची संधी नाकारणारा व्यवहार.

प्रत्यक्ष चित्रपटांचा दाखलाही हेच सांगतो. ‘मंथन’ (१९७६) या चित्रपटासाठी गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या दहा लाखांतून जातिभेद, सहकार आणि सत्तेचे राजकारण यांवरचा गंभीर हिंदी चित्रपट निर्माण झाला. ग्रामीण माणूस अशा चित्रपटाचा केवळ प्रेक्षक नव्हे, तर निर्माताही होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. त्यानंतरही ग्रामीण प्रेक्षकाच्या अभिरुचीविषयी निर्णय देताना त्याला कधीच विचारले गेले नाही. एखादा चित्रपट मोजक्या महानगरांत, मोजक्या पडद्यांवर, आठवडाभर दाखवायचा आणि मग तो खेड्यापर्यंत पोहोचला नाही म्हणून खेड्याला तो आवडत नाही असे म्हणायचे, हा तर्काचा विपर्यास आहे; न दाखवलेल्या गोष्टीबद्दलची नावड कोणत्याही पाहणीने सिद्ध होत नाही.

तिसऱ्या आक्षेपातील सत्यांश मान्य केला पाहिजे. २०१६ पासून घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्यांचा पसारा वाढला तेव्हा शिवराळ भाषा आणि रक्तपात यांनाच वास्तव समजणारी पुष्कळ निर्मिती झाली, आणि तिच्यापैकी बरीचशी धीट नसून केवळ भडक आहे. परंतु भडक चित्रपटांचा दोष धीट चित्रपटांच्या माथी मारता येत नाही, कारण दोघांची दिशाच भिन्न आहे. ‘आक्रोश’मध्ये पत्नीच्या खुनाचा आळ असलेला आदिवासी मजूर लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर एक शब्दही बोलत नाही; ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच गप्प ठेवण्याचा हा निर्णय धीट आहे, कारण न्यायालयात त्याच्या बोलण्याला किंमत नाही ही गोष्ट कोणतेही भाषण न करता प्रेक्षकाच्या अंगावर येते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरील ‘ब्लॅक फ्रायडे’ २००४ मध्ये तयार होऊनही न्यायालयीन प्रतिबंधामुळे २००७ मध्ये प्रदर्शित होऊ शकला, यावरून खऱ्या धीटपणाला मोजावी लागणारी किंमत दिसते. ‘लव्ह सेक्स और धोखा’ हे नाव भडक असले तरी त्यातील तीन कथा अनुक्रमे हौशी चित्रीकरणाचा कॅमेरा, दुकानातला पाळत ठेवणारा कॅमेरा आणि लपवलेला कॅमेरा यांच्या नजरेतून दिसतात, आणि त्यामुळे घरच्यांनीच केलेला प्रेमी जोडप्याचा खून पाहताना प्रेक्षकाला स्वतःच्या बघेपणाचाही विचार करावा लागतो. घायवान यांच्या ‘गीली पुच्ची’ (२०२१) या लघुपटात कारखान्यात काम करणारी दलित स्त्री आणि कार्यालयात आलेली ब्राह्मण स्त्री यांच्यातील आकर्षण, मत्सर आणि जात एकमेकांत अशी गुंतली आहेत की कोणाला निर्दोष ठरवावे हे प्रेक्षकाला सहजी उमगत नाही. या चारही कलाकृतींत नजरेला सुखावणारे फार थोडे आहे; जे आहे ते नजर चुकवू न देणारे आहे.

चौथा, म्हणजे धंद्याचा, आक्षेप अर्धवट हिशेबावर उभा आहे. ‘अर्धसत्य’ आपल्या काळात व्यावसायिकदृष्ट्याही यशस्वी ठरला. ‘तुंबाड’चे उदाहरण याहून बोलके आहे. लोभाचे रूपक भयकथेच्या घाटात मांडणारा, १९१८ पासून स्वातंत्र्यापर्यंतच्या कोकणात घडणारा आणि नारायण धारप यांच्या कथालेखनातून प्रेरणा घेतलेला हा चित्रपट २०१८ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्याला मर्यादित प्रतिसाद मिळाला. मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. मधल्या सहा वर्षांत चित्रपटात एकही दृश्य बदललेले नव्हते. बदलले होते ते एवढेच की लोकांना तो पाहण्यासाठी आणि एकमेकांना सांगण्यासाठी वेळ मिळाला होता. पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर चित्रपटाचे भवितव्य ठरवणारी पद्धत ही प्रेक्षकाची निवड नसून वितरणाची सोय आहे. दुसरे असे की समाजाला आवश्यक असलेल्या प्रत्येक गोष्टीचे मूल्य तिच्या तात्कालिक नफ्यावर ठरवले तर ग्रंथालये, संग्रहालये आणि विद्यापीठे यांनाही हाच न्याय लावावा लागेल, आणि तो लावण्यास आक्षेपकही तयार होणार नाहीत.

पाचवा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो या चित्रपटांच्या नैतिकतेलाच हात घालतो. गावाचे दुःख टिपायचे, त्या दुःखाला देशोदेशीच्या महोत्सवांत दाद मिळवायची आणि ते ज्यांचे आहे त्यांच्यापर्यंत चित्रपट कधी पोहोचवायचाच नाही, असे घडते हे खरे आहे. परंतु यावर उपाय हे चित्रपट थांबवणे हा नव्हे. दुःखाचे चित्रण करणारा आणि दुःख भोगणारा यांतील अंतर कमी करणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि त्या दिशेने पावले पडली आहेत. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून आलेल्या नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ या मराठी चित्रपटांनंतर ‘झुंड’ (२०२२) हा हिंदी चित्रपट केला, त्यात अमिताभ बच्चन यांच्यासारख्या ताऱ्याच्या भोवती वस्तीतली खरीखुरी मुले उभी केली आणि आंबेडकर जयंतीचा उत्सव हिंदीच्या मुख्य पडद्यावर मोठ्या दिमाखाने आणला. मराठी दलित पार्श्वभूमीच्या घायवान यांनी आपली ओळख उघडपणे सांगितली आणि हिंदीत काम केले. बाहेरून येऊन दैन्य पाहणारी नजर आणि आतून पाहणारी नजर यांतील फरक या चित्रपटांत स्पष्ट दिसतो: पहिलीला केवळ दया येते, दुसरीला मात्र त्या माणसांचा हट्ट, विनोद, मत्सर आणि स्वप्नेही दिसतात.

मंडन

आक्षेपांचे निराकरण झाले तरी तेवढ्याने या प्रवाहाची आवश्यकता सिद्ध होत नाही. ती स्वतंत्रपणे सिद्ध केली पाहिजे. सिद्धान्त असा की ज्या वास्तवाला रूढ कथनाची चौकट अपुरी पडते ते वास्तव प्रयोगशील चित्रपटाशिवाय पडद्यावर येऊच शकत नाही, आणि बीड जिल्ह्याचे वास्तव नेमके त्या जातीचे आहे.

पहिला पुरावा मुलींच्या घटत्या प्रमाणाचा आहे. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे असलेल्या मुलींच्या संख्येला बाल लिंगगुणोत्तर म्हणतात. बीड जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेनुसार ते ८९४ होते आणि २०११ मध्ये ते ८०७ पर्यंत, म्हणजे राज्यात सर्वांत खाली, घसरले. या दोन जनगणनांच्या दरम्यान, २००३ मध्ये, मनीष झा यांनी ‘मातृभूमी’ हा हिंदी चित्रपट केला. जन्मलेल्या मुलीला दुधात बुडवून मारण्याच्या दृश्याने तो सुरू होतो आणि मुलींना अशा रीतीने संपवत गेलेल्या, स्त्रियाच न उरलेल्या एका गावात पोहोचतो, जेथे पाच भावांसाठी एकच वधू विकत आणली जाते. हे गाव उत्तर भारतातले आहे, काळ निश्चित सांगितलेला नाही, आणि घटना रोजच्या वास्तवाच्या पलीकडे नेलेल्या आहेत, पण हे अंतर आवश्यक होते; रूढ कौटुंबिक कथेत हा विषय एका सुनेच्या अश्रूंपुरता आणि सासूच्या पश्चात्तापापुरता उरला असता. कल्पित भविष्याचा घाट घेतल्यामुळेच प्रश्नाचा आवाका दिसला: एका घरातील पाप इतकेच त्याचे स्वरूप न राहता संपूर्ण समाजाचा आत्मनाश समोर आला. त्या चित्रपटावर अतिरंजिततेचा आरोप करणाऱ्यांनी आठ वर्षांनंतरचा बीडचा आकडा पाहिला पाहिजे. चित्रपटाने भाकीत केले असे नव्हे. गर्भलिंग तपासणी करणारा समाज कोणत्या टोकाकडे जातो हे त्याने आधी मांडले, आणि जनगणनेने त्या वाटेवरचा एक टप्पा नोंदवला.

दुसरा पुरावा दुष्काळाचा आहे. १९७२, २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांतील टंचाई बीडने सोसली आहे; टँकरची वाट पाहणे, चारा छावणीत जनावरांसोबत मुक्काम करणे आणि कर्जाच्या ओझ्याने शेतकऱ्याने जीव देणे या गोष्टी येथे वृत्तपत्रातून वाचून कळत नाहीत, त्या घरोघरी माहीत असतात. नील माधव पांडा यांच्या ‘कडवी हवा’ (२०१७) मध्ये एका अंध वृद्ध बापाला आपला मुलगा कर्जापायी आत्महत्या करील या भीतीने ग्रासले आहे, आणि ज्या वसुली अधिकाऱ्याला गाव यमदूत मानते तो स्वतः समुद्राच्या आक्रमणामुळे विस्थापित होऊ घातलेल्या कुटुंबाचा माणूस आहे. खलनायक नाहीसा करून दोन पीडितांना समोरासमोर आणण्याची ही रचना म्हणजे केवळ लेखकाची हुशारी नव्हे. दुष्काळाला चेहरा नसतो आणि हवामानबदलाला पकडून शिक्षा देता येत नाही, हे सत्य सांगण्यासाठी तीच रचना हवी होती. अनुषा रिझवी यांच्या ‘पीपली लाइव्ह’ने (२०१०) त्याच प्रश्नाची दुसरी बाजू, म्हणजे शेतकऱ्याच्या मरणाभोवती जमणारी प्रसिद्धीमाध्यमे आणि पुढाऱ्यांची जत्रा, उपरोधाच्या मार्गाने दाखवली, आणि त्यासाठी हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’मध्ये घडलेले लोककलावंत घेतले.

तिसरा आणि सर्वांत मोठा पुरावा ऊसतोडीचा आहे, आणि येथे मंडनाबरोबर एक मागणीही करावी लागते. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातील लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम आधीच ‘उचल’ देतो, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, आणि ती फिटेपर्यंत श्रम बांधलेले राहतात. कामाचा दिवस बुडाला तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. हा खाडा टाळण्याच्या दडपणाशी स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा संबंध २०१९ मध्ये उघड चर्चेत आला, आणि शासनाने केलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पुढच्याच वर्षी, २०२० च्या टाळेबंदीत, लाखाहून अधिक ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरातील झोपड्यांत अडकून पडले आणि एप्रिलमध्ये शासनाच्या परवानगीनंतर त्यांचा परतीचा प्रवास सुरू झाला. त्याच टाळेबंदीतील स्थलांतरित मजुरांच्या मैत्रीवर घायवान यांनी ‘होमबाउंड’ (२०२५) हा चित्रपट केला आणि तो भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला. त्यातील दोन मित्र उत्तर भारतातले आहेत. बीडचा कोयता हिंदी पडद्यावर त्या ताकदीने यायचा अजून बाकी आहे.

तो कोणत्या घाटात येऊ शकेल, याचा विचार केला तर प्रयोगशीलतेची गरज आपोआप पटते. ऊसतोडीला एकच एक खलनायक नाही. मुकादमही पुष्कळदा त्याच गावचा आणि त्याच कर्जात बुडालेला असतो. तिला एकच एक नायक नाही. जोडपे हा तिचा सर्वांत लहान घटक आहे. तिच्यात चढत जाणारे नाट्य नाही. पहाटेच्या थंडीत सुरू होणारी, मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत न संपणारी आणि दुसऱ्या दिवशी तशीच पुन्हा येणारी श्रमाची आवर्तने आहेत. आणि तिचा अर्धा भाग फडावर घडतच नाही. तो मागे राहिलेल्या गावात, म्हाताऱ्या माणसांच्या आणि शाळेसाठी ठेवलेल्या मुलांच्या वाट पाहण्यात घडतो. ‘उसकी रोटी’ने नेमके हेच करून ठेवले आहे: बसचालक नवऱ्यासाठी भाकरी घेऊन थांब्यावर उभी असलेली बायको एवढ्याच घटनेवर मणी कौल यांनी संपूर्ण चित्रपट रचला, वाट पाहण्याच्या काळालाच कथावस्तू केले, आणि त्यासाठी संथपणाचा दोष पत्करला. ज्या चित्रपटाला दुर्बोध म्हणून बाजूला सारले गेले त्याचे व्याकरण बीडच्या सहा महिन्यांच्या रिकाम्या गावाला सर्वांत अधिक जुळते. याउलट गाणी, मारामारी आणि शेवटी मुकादमाचा पराभव अशी कथा रचली तर प्रेक्षक समाधानाने बाहेर पडेल आणि उचल, खाडा व कोयता जेथल्या तेथे राहतील, कारण त्या कथेने व्यवस्थेचा दोष एका माणसावर टाकून व्यवस्थेला मोकळे सोडलेले असेल.

म्हणून या प्रवाहाचे समर्थन करणाऱ्यांनी केवळ परिसंवादांत भाषणे करून थांबू नये. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई आणि आष्टी येथील महाविद्यालयांत चित्रपटमंडळे, म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर निवडक चित्रपट दाखवून त्यांवर चर्चा घडवणाऱ्या संस्था, सुरू करता येतील. सत्यजित राय यांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये अशा संस्थांचा देशव्यापी महासंघ उभा राहिला आणि मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळाने हीच परंपरा मराठी भूमीवर चालवली आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात आहे, म्हणजे जुन्या कलाकृतींचा ठेवा राज्यातच आहे. एकपडदा चित्रपटगृहे मोठ्या संख्येने बंद पडत असताना तालुक्याच्या सभागृहात एक चांगला पडदा, स्वस्त तिकीट आणि चित्रपटानंतर अर्धा तास बोलण्याची मुभा एवढी व्यवस्था लोकप्रतिनिधींनी व शिक्षणसंस्थांनी केली, तर कोणता प्रेक्षक काय समजू शकतो याचा निर्णय तर्काने करण्याची वेळ उरणार नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींच्या हाती कॅमेरा आणि संकलनाचे शिक्षण देणे हे त्यापुढचे पाऊल आहे, आणि पाचव्या आक्षेपाला मिळू शकणारे सर्वांत पूर्ण उत्तर त्याच पावलात आहे.

निष्कर्ष स्पष्ट आहे. धीट, बुद्धिनिष्ठ आणि प्रयोगशील हिंदी चित्रपट हा महानगराचा शौक नाही; बीडसारख्या जिल्ह्यांचे वास्तव ज्या थोड्या पडद्यांनी गांभीर्याने मांडले त्यांचा तो प्रवाह आहे. त्याला ग्रामीण प्रेक्षकाने नाकारलेले नाही, तर त्याच्यापर्यंत तो पोहोचवला गेलेला नाही. जिल्ह्यातील शिक्षकांनी, प्राध्यापकांनी, ग्रंथालयचालकांनी आणि युवक मंडळांनी येत्या हंगामानंतर, फडावरून माणसे परतल्यावर, ‘मंथन’, ‘मातृभूमी’ किंवा ‘कडवी हवा’ यांपैकी एक तरी चित्रपट आपल्या गावात दाखवावा आणि त्यावर गावाला बोलू द्यावे. या वादाचा अंतिम निर्णय देण्याचा अधिकार त्या प्रेक्षकाचाच आहे.